दगडावरची शेवटची ओळ

भुईगाव, वसई
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय मर्सी,

तुला, तुझ्या यजमानांना आणि ॲनिशाला माझा मनापासून नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. गुडघे जागेवर आहेत, फक्त माझं ऐकत नाहीत. पाऊस जायचं नाव घेत नाही. केळी उभ्या आहेत, पण सोनटक्का पार आडवा झाला. बावखल काठोकाठ भरलंय, आणि शेजारच्या बदकांनी ते आपल्या बापाचंच करून टाकलंय.

तू म्हणशील, हातात फोन असताना ही बाई कागद का खरडते? फोनवर तू "हं, हं" करत राहतेस आणि मी केळी-नारळाचं बोलून फोन ठेवते. कागदावर तुला मला अडवता येत नाही आणि मला पळता येत नाही. अक्षर तेच आहे, भाजीच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलेलं. चुका सोडून दे.

तर ऐक. आपल्या ज्युलियसचा दगड आला.

क्रूसाजवळच्या वळणावर, जिथे तो सायकलवरून पडून दात पाडून आला होता, तिथेच उभा करायचाय. काळा दगड, माझ्या खांद्याएवढा. मी हात फिरवून पाहिला. मर्सी, थंड होता गं. मला वाटलं होतं, भावाच्या नावाला हात लागला की मी रडेन. त्याऐवजी मी पदराने त्यावरची धूळ पुसत बसले, जसं काही पाहुणे यायचेत.

सगळं सदानंदभाऊंनी केलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना गावासाठी काहीतरी करायचंच होतं. एक दिवस ओट्यावर येऊन बसले नि म्हणाले, "आल्बिनाबाय, कारगिलच्या पोरांची नावं शाळेत घेतात. आपल्या ज्युलियसचं कोण घेतं? त्यानं काय कमी केलं?" खरंच गं, कोण घेतं? शांतिसेना म्हणून पाठवली, दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या भांडणात. पोरं परत आली तेव्हा स्वागताला धड कुणी नव्हतं, आणि जी आली नाहीत त्यांचं काय करायचं ते कुणाला कळलं नाही. आपला तर देहसुद्धा आला नाही. तिकडेच अग्नी दिला म्हणून कळवलं. तू तेव्हा केवढीशी होतीस. हातावरचा लग्नाचा रंग गेला असेल तेवढंच.

तेव्हा सदानंदभाऊंना मी दोन्ही हात जोडले. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तू त्यांना वाईट समजणार नाहीस.

दगडावर वर क्रूस आहे, खाली "हुतात्मा जवान ज्युलियस तुस्कानो", जन्म, मृत्यू. आणि सगळ्यांत खाली एक ओळ: "श्रीलंकेच्या भूमीवर शत्रूचा संहार करताना वीरमरण." ही ओळ गावच्या स्मारक समितीतल्या पोरांनी घातली. सदानंदभाऊंचा परेश म्हणाला, "काकी, नुसतं नाव लिहिलं तर लोकांना वाटेल ॲक्सिडेंटमध्ये गेला. जरा दम पाहिजे." मी मान हलवली. दम म्हणजे काय ते मला तरी कुठे ठाऊक.

नऊ नोव्हेंबरला, रविवारी, चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर अनावरण आहे. पडदा तू ओढायचास. समितीत एकजण कुजबुजला, दुसरं घर केलेली बाई कशाला. मी म्हटलं, "पडदा ओढायला आडनाव लागत नाही, हात लागतो." गप्प बसला. तू गावातून का गेलीस ते मला ठाऊक आहे. दर पंधरा ऑगस्टला तुला शाळेत खुर्चीवर बसवून हार घालायचे, नि तू घरी येऊन तो हार म्हशीपुढे टाकायचीस. या वेळी खुर्ची नाही. मी शब्द घेतलाय.

(मध्ये उठले होते. कोंबड्या कोंडायच्या होत्या. कोंडल्या. पुन्हा जाऊन पाहिल्या. आज बूड टेकवतच नाही मला.)

आता दुसरी बातमी. आपला रायन लग्न करतोय. चौतीस वर्षांचा घोडा झाला, मी तर आशा सोडून दिली होती. मुलगी दोह्याला नर्स आहे, हा तिथल्याच हॉटेलात, तुला ठाऊक आहेच. नाव शामिनी. कॅथलिकच आहे. सावळी, हसली की डोळे मिटतात. व्हिडिओवर मला "अक्का" म्हणाली, मग जीभ चावून "आई" म्हणाली. तिच्या आईला घेऊन ते चोवीस तारखेला येतायत, घर पाहायला आणि बोलणी करायला. बाप नाही तिला. लग्न नाताळानंतर करू म्हणतात.

झालं, एवढंच.

नाही, एवढंच नाही. वर "कॅथलिकच आहे" लिहून मी पेन खाली ठेवलं होतं, कारण तुझा पुढचा प्रश्न मला ऐकू आला. कुठली?

तिकडचीच आहे, मर्सी. जाफनाकडची. समुद्रकाठचं गाव आहे.

रायनला मी विचारलं, "अख्ख्या जगात तुला दुसरं गाव नाही सापडलं?" तो म्हणाला, "आई, मला माणूस सापडलं, गाव मागून कळलं." पोरगं वाढवताना बोलायला मीच शिकवलंय.

आणि ते येणार त्या वाटेवरच दगड उभा राहणार. आमच्या घराला दुसरी वाट नाही.

तुझी,
आल्बिना


भुईगाव
२७ ऑक्टोबर २०२५

प्रिय मर्सी,

माझं पत्र मिळाल्यावर तू फोन केलास आणि एकच विचारलंस, "त्या बाईला दगड दाखवणार आहात का?" मी म्हटलं, "अनावरण झालं नाही, गोणपाटात गुंडाळलाय." तू "हं" म्हणालीस नि फोन ठेवलास. तुझ्या त्या "हं"ने मला आठवडाभर जेवू दिलं नाही. नमस्कार राहिला. ॲनिशाची परीक्षा कशी गेली? इथे पुन्हा पाऊस. भात आडवं झालंय लोकांचं, बघवत नाही.

पाहुणे आले तसं सांगते.

आईचं नाव पुष्पराणी. पन्नाशीची असेल, पण चालते माझ्यासारखी, पाय मोजून. तिला तमिळ येतं नि थोडं इंग्रजी. शामिनी आईचं इंग्रजीत सांगते, रायन ते मराठीत सांगतो, आणि तोपर्यंत आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहून अर्धं समजलेलो असतो. मी डुकराच्या मटणाचं इंदेल केलं होतं, नाताळात करतो तसे पिठाचे फुगे तळले होते. ती फुगा तोडून म्हणाली, आमच्याकडेही असंच काहीतरी करतात. नारळ खवताना मी पाहिलं, खवणीवर ती बसते तेही आपल्यासारखीच, एक पाय दुमडून. मला बरं वाटलं. वाटलं, निभावलं.

मग तिने भिंतीवरचा ज्युलियसचा फोटो पाहिला. वर्दीतला.

मी फोटो काढून ठेवणार होते, मर्सी. तुला खोटं कशाला सांगू, आदल्या दिवशी खुर्ची लावून खिळ्यापर्यंत पोचले होते. मग वाटलं, हा माझा भाऊ आहे, चोर नाही. तसाच ठेवला.

तिने विचारलं नाही कोण म्हणून. जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "मी बारा वर्षांची होते. तुमचे जवान आले तेव्हा आम्ही रस्त्यावर उभे होतो. मी एकाच्या गळ्यात फुलांचा हार घातला. त्याला एवढी लाज वाटली की त्याची टोपी खाली पडली." आणि हसली. शामिनीचे मिटतात तसेच डोळे मिटले.

तुला आठवतं ना, ज्युलियसने तिथून पहिल्यांदा काय कळवलं होतं? "इकडे लोक हार घालतात, मला नवरदेव झाल्यासारखं वाटतं, मर्सीला सांगू नका." तीच ती, असं मी म्हणत नाही. हजारो जवान गेले होते, नि रस्त्याच्या कडेला तेवढ्याच पोरी असतील. पण तिने ते सांगितल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पातेली आपटली.

पुढे काय झालं ते तिने थोडक्यात सांगितलं. थोड्याच महिन्यांत हार संपले नि गोळ्या सुरू झाल्या. त्यांचं घर जळलं. कुणी जाळलं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तिचा थोरला भाऊ आंतोनी, सतरा वर्षांचा, त्यानंतर लढणाऱ्यांत जाऊन मिळाला. पुढच्या वर्षी गेला. आपल्या भारताच्या सैन्याशी लढताना.

मी हे लिहितेय आणि माझं पेन कागदात रुततंय. ज्युलियस त्याच्या आधी गेला होता. म्हणजे आंतोनी त्याच्या हातून गेला नाही, एवढाच हिशेब मी मनात केला, आणि असला हिशेब केल्याचीच लाज वाटली.

आता क्रूसाचं ऐक. ऑक्टोबर म्हणजे जपमाळेचा महिना. रोज संध्याकाळी क्रूसापाशी माळ म्हणायची, आणि पाळीपाळीने एकेका घराने चणे उकडून वाटायचे. पंचवीस तारीख आमच्या घराची होती, वर्षानुवर्षं आहे. मी बदलून घ्यायला हवी होती. घेतली नाही.

आम्ही सगळे गेलो. माळ सांगायला मार्सेल होता, तोच तो, ज्युलियसचा जोडीदार, आता टक्कल पडलंय. सदानंदभाऊही परेशला घेऊन मागे उभे होते. ते माळेला येतात असं नाही, पण चण्याला येतात, आणि त्या दिवशी दगडाचा चौथरा पाहायचा होता. दगड तिथेच, गोणपाटात. कोपऱ्यावरचं गोणपाट पावसाने फुगून सुटलं होतं. खालची ओळ उघडी पडली होती. ते मी येताना पाहिलं असतं तर! पण मी चण्याच्या टोपाकडे पाहत चालले होते.

माळ संपली. शेवटी आपापल्या गेलेल्यांची नावं घेतात, तुला ठाऊकच आहे. एकजण नाव घेतो नि बाकीचे प्रार्थना पुरी करतात. मी म्हटलं, "ज्युलियस." मार्सेल म्हणाला, "हे प्रभो, त्याला चिरशांती दे," आणि सगळे म्हणाले, "आणि तुझा अखंड प्रकाश त्याच्यावर पडो." शेजारच्या सालोमीने तिच्या सासूचं नाव घेतलं. मग माझ्या शेजारून आवाज आला. अगदी स्पष्ट.

"आंतोनी."

मार्सेलने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "हे प्रभो, त्याला चिरशांती दे." आणि अख्खं भुईगाव म्हणालं, "आणि तुझा अखंड प्रकाश त्याच्यावर पडो." सवयीने, गं. आंतोनी तर आपल्याकडे घरटी एक आहे. मागे परेशसुद्धा पुटपुटला, लहानपणापासून ऐकून त्याला पाठ आहे.

मीही म्हटलं. मला ठाऊक असून म्हटलं.

चणे वाटताना मार्सेल प्रेमाने शामिनीला मोडक्या इंग्रजीत विचारायला गेला, "आंतोनी म्हणजे तुझे बाबा का?" पोरगी सरळ आहे. म्हणाली, "नाही, माझा मामा. लढ्यात गेला." परेशने चण्याचा द्रोण चौथऱ्यावर ठेवला.

"कुठल्या लढ्यात?"

सालोमी टोपातले चणे ढवळायला लागली.

"काकी, कुठल्या लढ्यात?"

"तुला कळलंय ते," मी म्हटलं.

"म्हणजे आम्ही आत्ता तमिळ वाघांच्या माणसासाठी प्रार्थना केली? ज्युलियसकाकांच्या दगडासमोर?"

मार्सेलचं तोंड बघायला हवं होतंस. तो म्हणतो, "अरे, मी कुठे... मी तर नेहमीसारखं..." सालोमी म्हणाली, "झाली ती झाली, आता परत घेणार का देवाकडून?" कुणीतरी हसलं. परेश हसला नाही. सदानंदभाऊंनी त्याचा हात धरला, पण त्यांचाही चेहरा दगडासारखा झाला होता. पाहुण्यांसमोर एवढंच म्हणाले, "आल्बिनाबाय, पाहुणे गेले की बोलू."

आणि तेवढ्यात पुष्पराणी दगडाजवळ गेली. तिला मराठी वाचता येत नाही. तिने रायनला विचारलं, खाली काय लिहिलंय? रायन माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "सांग. जे आहे ते सांग."

त्याने सांगितलं. "शत्रू" या शब्दापाशी अडखळला, पण सांगितलं.

घरी आलो. ओट्यावर बसून तिने पाय धुतले, आणि मग बोलली. शामिनी रडत होती म्हणून सांगायला वेळ लागला, पण मला एकेक शब्द आठवतो. म्हणाली, "अक्का, मला तुमचा हेवा वाटतो. आमच्याकडे आमच्या पोरांची दफनभूमी होती, ती सरकारने नांगरून टाकली. नोव्हेंबरात आम्ही दिवा लावला तर पोलीस येऊन विचारायचे, कुणासाठी. माझ्या भावाला एक दगड नाही. तुमच्या भावाला मिळाला, मिळायलाच हवा. पण त्या दगडावर माझा भाऊही आहे. नाव नाही, फक्त शत्रू. जगात माझ्या भावाचा एकच दगड आहे आणि त्यावर तो असा आहे. माझी मुलगी रोज त्याच्यासमोरून पाणी घेऊन जाणार?"

मी तिला सांगितलं नाही की आता नळ घरात आहे. ती काय म्हणत होती ते मला कळलं होतं.

रायन मध्येच बोलला, कोलंबोकडे आपल्या जवानांचं स्मारक आहे, आपले मोठे लोक तिथे जाऊन फुलं वाहतात. ती म्हणाली, "हो. ते बांधलं दुसऱ्यांनी, फुलं वाहिली तिसऱ्यांनी, आणि आम्ही कुठे उभं राहायचं ते कुणी सांगितलं नाही." देशांचं असं चालतं बघ. तू तुझे मेलेले मोजायचेस, मी माझे, आणि दोघांनी एकमेकांच्या अंगणात बोट दाखवायचं.

काल ते परत गेले. लग्नाला ना हो, ना नाही. निघताना तिने माझे हात हातात घेतले आणि तसेच सोडले.

आज सदानंदभाऊ येऊन गेले. चहा घेतला नाही. त्यांचं म्हणणं, रविवारी मिस्सा सुटल्यावर मी सगळ्यांसमोर सांगायचं की ती प्रार्थना चुकून झाली. नाहीतर समिती अनावरण करणार नाही. "आल्बिनाबाय, मी तुमच्या भावासाठी लोकांचे पाय धरलेत. त्या पोरासाठी माझ्या तोंडून शांती मागवलीत?" म्हणताना त्यांचा आवाज फुटला. मला त्यांचा राग येईना. तो राग आला असता तर किती सोपं झालं असतं.

काय करू ते तुला विचारत नाही. विचारलं तर तू "हं" म्हणशील.

अस्वस्थ,
आल्बिना


भुईगाव
५ नोव्हेंबर २०२५

प्रिय मर्सी,

तुला आणि घरच्या सगळ्यांना नमस्कार. रविवारी मृतांचा दिवस झाला, दफनभूमीत जाऊन आले, बाबांची आणि आईची कबर पांढरी केली होती, झेंडूपेक्षा पांढरी शेवंतीच लावली, आईला झेंडू आवडत नसे. तुझ्या वतीने एक मेणबत्ती लावली. हवा आता जरा कोरडी आहे.

हे सगळं मी एका दमात लिहिलं, कारण पुढचं सांगायचं टाळायचं होतं. सांगते.

ज्युलियसचा दगड आता माझ्या अंगणात आहे. आडवा. विहिरीजवळ.

त्याचं असं झालं. मिस्सा सुटल्यावर सांगायची वेळ आली तेव्हा मी बाहेर पायरीवर उभी राहिले. सगळे थांबले. मी आयुष्यात कधी चारचौघांत बोलले नाही, बाजारात भावावरून भांडले असेन तेवढंच. मी म्हटलं, "चुकून झाली हे मार्सेलचं खरं आहे, तुमचंही खरं आहे. माझं नाही. मला ठाऊक होतं तो कोण, आणि मी प्रार्थना केली. चूक म्हणून सांगायची तर माझ्या ज्युलियससाठी केलेलीही चूक म्हणावी लागेल. तिकडे कुणाच्या तरी आईला तोही शत्रूच होता." एवढं बोलले नि पायरी उतरले. सालोमीने मला धरलं.

परेश म्हणाला, "काकी, तुम्ही जवानाचा अपमान केलात."

मी म्हटलं, "त्या जवानाचं ढुंगण मी धुतलंय, बाळा."

हसू नकोस. तिथे काहीजण हसले, ते परेशला जास्त लागलं. मी तसं बोलायला नको होतं. तोही ज्युलियसच्याच बाजूने बोलत होता, ज्युलियसला न पाहता.

संध्याकाळी टेम्पो आला आणि दगड माझ्या दारात उतरवून गेला. समितीचा निरोप, तुमचं तुम्ही बघा. चौथरा तसाच रिकामा आहे. त्यावर आता सकाळी दूधवाला किटली टेकवतो.

आता खरं कबूल करायचं ते हे. मी तुला न विचारता पाथरवटाला बोलावलं. तो सोपाऱ्याहून आला, दगडाभोवती फिरला नि म्हणाला, "ओळ पुसता येत नाही, बाई, खोदून काढावी लागेल. खड्डा राहील." मी म्हटलं, "राहू दे." दिवसभर छिन्नी चालली. मी वाडीत जाऊन केळीची पानं कापत बसले, नको तेवढी कापली. परत आले तेव्हा ज्युलियसचं नाव होतं, तारखा होत्या, आणि खाली ओळीएवढी पोकळ जागा. "वीरमरण"ही गेलं त्यात. तेवढं ठेवायला सांगता आलं असतं, पण मी सांगितलं नाही. तो कसा मेला ते मला ठाऊक नाही. तुलाही नाही. कुणी आपल्याला सांगितलंच नाही गं कधी. अडतीस वर्षं आपण लोकांनी दिलेले शब्द त्याच्या तोंडावर पांघरत आलो.

तो तुझा नवरा होता. ओळ काढायचा हक्क तुझाही होता. रागावलीस तर मला दटाव, मी ऐकून घेईन. पण परत कोरायला सांगू नकोस.

काल दुपारी दोह्याहून रायनचा फोन आला, शामिनी बाजूला होती. पुष्पराणीने तिच्या गावच्या चर्चमध्ये रविवारी नावं वाचून घेतली. तिकडेही मृतांच्या दिवशी तसंच करतात, आपापल्या माणसांची नावं द्यायची. तिने दोन दिली. आंतोनी आणि ज्युलियस. फादरनी वाचली. नंतर बाहेर एका बाईने तिला विचारलं, ज्युलियस कोण? आपल्यात तर कुणी नाही या नावाचं.

ती म्हणाली, "आमच्या व्याह्यांकडचा. इथेच गेला."

मर्सी, लग्नाचा होकार मला असा मिळाला. शामिनी सांगत होती, ते ऐकून तिथल्या दोन बायका तिच्याशी न बोलता निघून गेल्या. एकीचा मुलगा गेलेला आहे. म्हणजे तिच्याही दारात आता कुणीतरी दगड आणून टाकणार बहुतेक. मी शामिनीला म्हटलं, आईला सांग, माझ्या अंगणात जागा आहे. ती हसली, मग रडली, मग रायन रडला. मी तेवढी कोरडी राहिले. फोन ठेवल्यावर कोंबड्यांना दाणे टाकले, एकदा टाकलेले असताना परत टाकले.

सदानंदभाऊ आजही बोलत नाहीत. पण सकाळी मी अंगणात असताना फाटकाशी आले, आत आले नाहीत. दगडाकडे पाहत उभे राहिले. खालचा खड्डाही पाहिला त्यांनी. मग म्हणाले, "आडवा ठेवू नका. पाणी धरतो दगड." आणि गेले. त्यांचं मन मला कळत नाही. त्यांना तरी कळत असेल का?

खरंच, रात्री थोडा शिडकावा झाला तर सकाळी त्या खोदलेल्या ओळीत पाणी साचलेलं होतं. मी ते पदराने टिपलं.

तर नऊ तारखेला अनावरण नाही. पडदा नाही, भाषण नाही, पाहुणे नाहीत. तरी तू ये. दगड माझ्या फाटकाशी उभा करायचाय, वाटेच्या बाजूला तोंड करून. लग्नाची वरात त्याच्यासमोरून जाईल. रायन आता थेट नाताळालाच येणार, आणि मार्सेलला मी म्हटलं तर तो म्हणतो, "बाय, मी येईन, पण लोक काय म्हणतील ते आधी बघू दे." बघू दे बापडा. उभा करणं एकट्या बाईचं काम नाही. दोन माणसं तरी लागतील, आणि त्यातलं एक त्याचं हवं.

खालच्या रिकाम्या जागेत काही लिहायचं की नाही ते तू उभी राहून ठरव. तू म्हणालीस तर लिहू. नाही म्हणालीस तर तशीच राहू दे. आणि या वेळी "हं" म्हणून भागणार नाही.

विरारला उतरू नकोस, वसईला उतर. मी नाक्यावर उभी असेन. तू मला ओळखशील, मी आता आईसारखी दिसते.

तो मला थोरली बहीण म्हणून ज्या नावाने हाक मारायचा, त्याच नावाने, आणि तुझ्या वाटेकडे डोळे लावून,

तुझ्या ज्युलियसची बाय